पोलादी नियम आणि एबी फॉर्म

सेट-नेटचा अभ्यास करणाऱ्या राज्यशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, ‘अल्पजनसत्तेचा पोलादी नियम कोणी मांडला?’ पर्याय ठरलेले असतात: पॅरेटो, मोस्का, मिशेल्स, मिल्स. तो डोळे न उघडता तिसऱ्यावर खूण करेल आणि पुन्हा कुशीवर वळेल. अभिजन सिद्धान्ताच्या प्रकरणात रॉबर्ट मिशेल्सच्या वाट्याला अर्धं पान, एक व्याख्या आणि दोन गुण येतात. नावाबद्दलही एकमत नाही. कुठे मिशेल्स, कुठे मिचेल्स, आणि जर्मन तोंडून ऐकू येतं ते ‘मिखेल्स’च्या जवळचं काहीतरी.

ज्यांनी हे नाव कधी ऐकलं नाही तेही त्याचा सिद्धान्त मात्र रोज सांगत असतात. ‘सगळे पक्ष सारखेच हो. कुणालाही निवडून द्या, शेवटी चार टाळकी ठरवतात.’ एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य ऐकल्याशिवाय निवडणूक पार पडत नाही. मिशेल्सच्या जाडजूड पुस्तकाची ही खिशात मावणारी आवृत्ती. मला या वाक्याशी भांडायचं आहे. पण त्याआधी मिशेल्सला नीट ऐकून घ्यायला हवं. हेच म्हणणं त्याने आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं मांडलं, आणि ते त्याला कुठवर घेऊन गेलं हेही आता आपल्यासमोर आहे.

जन्म १८७६ चा, कोलोन शहरातला. घरचे कॅथलिक व्यापारी, पैसेवाले. बर्लिनच्या फ्रेंच शाळेत शिक्षण, काही काळ सैन्यात अधिकारी, १९०० साली हाले विद्यापीठातून इतिहासात डॉक्टरेट. सासरे थिओडोर लिंडनर हेही इतिहासाचेच प्राध्यापक. म्हणजे प्राध्यापकीची वाट झाडून-सारवून तयार होती. पण हा गडी समाजवादी झाला. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेला, पक्षाच्या अधिवेशनांना प्रतिनिधी म्हणून बसला, १९०३ मध्ये आल्सफेल्ड मतदारसंघातून राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, निवडणूकही लढला आणि पडला.

त्या काळच्या प्रशियात समाजवादी असणं आणि विद्यापीठात शिकवणं या दोन गोष्टी एकत्र नांदत नव्हत्या. लेओ आरोन्स नावाच्या एका पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला केवळ पक्षाचा सभासद म्हणून काढता यावं यासाठी १८९८ मध्ये खास कायदा करण्यात आला होता. मिशेल्स मारबुर्गला, म्हणजे प्रशियातच. त्याच्यासाठी दार बंद झालं. त्याने मुलांचा बाप्तिस्मा केला नव्हता, ही गोष्टही त्याच्या विरोधात गेली. थोर जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर स्वतः समाजवादी नव्हता, पण या प्रकाराने तो संतापला. १९०८ मध्ये त्याने ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’मध्ये लेख लिहून जर्मन विद्यापीठांतल्या ‘तथाकथित’ अध्यापनस्वातंत्र्याची सालं काढली. तोवर मिशेल्स इटलीत, तुरीनला जाऊन पोचला होता. तिथे त्याला विद्यापीठात जागा मिळाली आणि मोस्काची संगत मिळाली. रॉबर्टचा रोबेर्तो व्हायला तिथूनच सुरुवात झाली.

१९११ मध्ये लाइपझिगहून त्याचं राजकीय पक्षांवरचं पुस्तक आलं. पहिल्या आवृत्तीची अर्पणपत्रिका वेबरच्या नावाने आहे. राजे, जमीनदार, सेनापती मूठभर असतात आणि राज्य करतात हे सांगायला पुस्तक कशाला हवं? मिशेल्सने उलटी बाजू धरली. समतेसाठीच जन्मलेला, जगातला सर्वांत मोठा, सर्वांत शिस्तीचा कामगार पक्ष त्याने टेबलावर घेतला. इथेसुद्धा मूठभरांचं राज्य सापडलं तर ते सगळीकडे असणार, असा त्याचा हिशेब होता. पक्ष त्याच्या ओळखीचा होता. आतून पाहिलेला, प्रेम केलेला.

तो पक्ष म्हणजे एक समांतर सरकारच होतं. १९१२ च्या निवडणुकीत त्याला जवळपास ३५ टक्के मतं आणि ३९७ पैकी ११० जागा मिळाल्या. नव्वदच्या आसपास वर्तमानपत्रं, ग्रंथालयं, गायनमंडळं, सायकल क्लब. बिस्मार्कच्या काळात बारा वर्षं बंदी सोसून हे सगळं उभं राहिलेलं. १९०५ मध्ये फ्रीड्रिख एबर्ट हा खोगिरं शिवणाऱ्या कारागिराच्या पेशातून आलेला माणूस पक्षाचा सचिव झाला, तेव्हा मुख्य कार्यालयात टेलिफोन नव्हता, टाइपरायटर नव्हता. पत्रं हाताने लिहिली जात. एबर्टने टेलिफोन आणला, टाइपरायटर आणला, फायली लावल्या. यात वाईट काय? काहीच नाही. मिशेल्सचं म्हणणं नेमकं तिथून सुरू होतं. पत्रं कुठल्या फायलीत आहेत हे ज्याला ठाऊक, त्याच्याशिवाय पक्षाचं पान हलत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेला मी सभासद म्हणून बसतो. मंगल कार्यालय, प्लास्टिकच्या खुर्च्या, गुळगुळीत कागदावरचा अहवाल. सचिव विषयपत्रिका वाचतात, ‘विषय क्रमांक तीन, ताळेबंद व नफा-तोटा पत्रकास...’ वाक्य संपायच्या आत मागच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर!’ येतं. एकदा एका निवृत्त हेडक्लार्कांनी उभं राहून एनपीएच्या, म्हणजे बुडीत कर्जांच्या, तरतुदीचा आकडा विचारला. अध्यक्ष अगदी नम्रपणे म्हणाले, ‘काका, प्रश्न योग्य आहे. ऑफिसला या, सविस्तर सांगतो.’ शेजारचे म्हणाले, ‘बसा हो, मसालेभात गार होतोय.’ काका बसले. मीही, खरं सांगायचं तर, मसालेभाताच्याच बाजूचा होतो.

या सभेत कुणी कुणाला फसवलं नाही, हे लक्षात घ्या. संचालक चोर असतील तर गोष्ट सोपी होते: चोर काढा, साव बसवा. मिशेल्सला दिसलं ते याहून अवघड होतं. दहा हजार सभासद एका सभागृहात मावत नाहीत. मावले तरी त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही. म्हणून प्रतिनिधी लागतात. प्रतिनिधीला काम करता करता कायदा कळतो, हिशेब कळतो, पत्रकार ओळखीचे होतात. सभासदाला संध्याकाळी घरी जायचं असतं. चार वर्षांनी तो प्रतिनिधी ‘अपरिहार्य’ झालेला असतो, आणि सभासदाला त्याचं सुटल्यासारखंच वाटतं, कारण डोक्याचा ताप कमी झाला. वर कृतज्ञता असते. आपल्यासाठी तुरुंगात गेलेल्या, उपाशी राहिलेल्या माणसाला खाली खेचायला हात उचलत नाही. १८६४ मध्ये जर्मन कामगार चळवळीचा आद्य पुढारी लासाल ऱ्हाइनलंडमध्ये आला तेव्हा कामगारांनी त्याचं एखाद्या देवासारखं स्वागत केलं, हे मिशेल्स नोंदवतो.

राजीनाम्याबद्दल त्याने लिहिलेलं तर प्रत्येक मराठी वाचकाने वाचावं. नेता जेव्हा म्हणतो, ‘माझ्यावर विश्वास नसेल तर मी बाजूला होतो,’ तेव्हा दिसायला ती लोकशाहीची परमावधी असते. प्रत्यक्षात तो विरोधकाचं तोंड बंद करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. कारण दुसरा माणूस तयारच झालेला नसतो, हे नेत्यालाही ठाऊक असतं आणि सभेलाही. जुलै १९९२ मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांनी शिवसेना सोडत असल्याचं जाहीर केलं तेव्हा काय झालं, किंवा २ मे २०२३ ला शरद पवारांनी अध्यक्षपद सोडलं आणि ५ मे ला निर्णय मागे घेतला त्या मधल्या तीन दिवसांत काय झालं, हे आपण पाहिलेलं आहे. हेतूंबद्दल मी बोलत नाही. हेतू काहीही असो, त्या तीन दिवसांनंतर नेत्याचं वजन वाढलेलं होतं.

आणि मग तो मुद्दा, ज्याने मिशेल्स भविष्यवेत्ता ठरला. पक्ष म्हणजे आता पगारी कचेऱ्या, छापखाने, इमारती, फंड. क्रांतीसाठी हे सगळं पणाला लावायचं? संघटना साधन म्हणून जन्मते आणि साध्य होऊन बसते. विणकर पक्षाचा सचिव झाला की दहा वर्षांनी तो मागाकडे परत जाऊ शकत नाही, हात विसरलेले असतात आणि मुलं शाळेत असतात. म्हणून तो खुर्ची सोडणार नाही, आणि खुर्ची जिच्यावर उभी आहे ती जमीनही हलू देणार नाही. पुस्तक आल्यानंतर तीन वर्षांनी, ३ ऑगस्ट १९१४ ला, समाजवादी खासदारांच्या बंद दाराआडच्या बैठकीत युद्धखर्चाला पाठिंबा देण्याच्या बाजूने ७८ आणि विरोधात १४ मतं पडली. दुसऱ्या दिवशी राइशस्टागमध्ये सगळ्यांनी एकमुखाने ‘हो’ म्हटलं. पक्षाचं निवेदन वाचून दाखवलं ह्युगो हासेने. तो स्वतः त्या चौदांतला होता.

यानंतर एखाद्याने काय करावं? ‘मी म्हटलंच होतं’ म्हणून गप्प बसावं, किंवा पुढचं पुस्तक लिहावं. मिशेल्सने युद्धात इटलीची बाजू घेतली. वेबरशी मैत्री तुटली. काही वर्षं बाझलच्या विद्यापीठात काढली, आणि १९२० च्या दशकात तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात दाखल झाला. वेबरने घडवलेली करिश्म्याची कल्पना त्याने मुसोलिनीला अंगरख्यासारखी चढवली: जनतेचं मन एकाच माणसात थेट उतरतं, मधे कमिटी नको, ठराव नको. १९२८ मध्ये पेरुजा विद्यापीठाच्या नव्या, फॅसिस्ट राजवटीने उभारलेल्या राज्यशास्त्र शाखेत त्याला अध्यासन मिळालं. ज्याला प्रशियाने शिकवू दिलं नाही त्याला मुसोलिनीने शिकवू दिलं. १९३६ मध्ये रोममध्ये तो वारला. मानों ही त्याची मुलगी. तिचा नवरा मारिओ एइनाउदी. फॅसिस्ट राजवटीची शपथ घ्यायला नकार देऊन तो अमेरिकेला निघून गेला, पुढे कॉर्नेलमध्ये प्राध्यापक झाला, आणि त्याचे वडील लुइजी १९४८ मध्ये लोकशाही इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. एकाच कुटुंबात दोन उत्तरं.

पाठ्यपुस्तकं या वळणाला ‘भ्रमनिरास’ म्हणून मोकळी होतात. मला ते पटत नाही. भ्रमनिरास झालेले पुष्कळजण घरी बसतात, भाजीपाला लावतात. मिशेल्सची गोष्ट त्याच्या मोजपट्टीत आहे. त्याच्या मते खरी लोकशाही म्हणजे जिथे कुणी कुणाचं नेतृत्व करत नाही ती. या पट्टीने मोजलं की एबर्टचा टाइपरायटरसुद्धा विश्वासघात ठरतो आणि सम्राटाची फौजही. वेबरने त्याला १९०८ मध्येच पत्रातून बजावलं होतं की, माणसावरचं माणसाचं वर्चस्व लोकशाहीच्या कुठल्याही रचनेने संपेल ही कल्पनाच स्वप्नाळू आहे. मिशेल्सने त्यातला अर्धाच भाग घेतला. वर्चस्व संपत नाही, हे घेतलं. कमीजास्त होतं, बांधता येतं, बदलता येतं, हे सोडलं. सोवळ्याचं हे असंच असतं. इतकं कडक पाळायचं की एकदा विटाळ झाला म्हणजे सगळंच चालतं.

गंमत म्हणजे दुसरं उत्तर त्याच्याच पुस्तकाच्या शेवटी आहे. इसापाच्या गोष्टीतला म्हातारा शेतकरी मरताना मुलांना सांगतो, शेतात धन पुरलंय. मुलं सगळं शेत खणतात, हंडा सापडत नाही, पण खणलेल्या शेताला पीक भरपूर येतं. मिशेल्स म्हणतो, लोकशाही तो हंडा आहे. सापडणार नाही, पण शोधत राहणं फुकट जात नाही. १९११ मध्ये हे लिहिणारा माणूस पुढे कुदळ टाकून शेत एकाच माणसाच्या नावावर करून द्यायला निघाला.

नियम खरंच पोलादी आहे का? १९५६ मध्ये लिपसेट, ट्रो आणि कोलमन या तिघांनी अमेरिकेतल्या छपाई कामगारांच्या युनियनचा अभ्यास प्रसिद्ध केला. लिपसेटचे वडील याच युनियनचे सभासद होते. लाखाच्या आसपास सभासदांच्या या संघटनेत चक्क दोन पक्ष होते, आणि सत्तेतले पदाधिकारी मतपेटीतून पडायचे. का? कारणं फार साधी होती. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, जुळवणारे हे कंपॉझिटर लोक रात्रपाळीचे, एकमेकांतच वावरणारे, त्यांचे क्लब होते, गप्पा होत्या. पुढाऱ्यांनी वाटली नाही तरी माहिती फिरत होती. स्थानिक शाखा आधीपासून स्वतंत्र होत्या. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: अध्यक्षाचा पगार आणि कंपॉझिटरचा पगार यांत फार दरी नव्हती. पडलेला अध्यक्ष दुसऱ्या दिवशी खिळ्यांच्या केससमोर उभा राहू शकत होता, त्यात नामुष्की नव्हती. मिशेल्सच्या विणकराला परतीची वाट नव्हती, याला होती. म्हणजे ‘पोलाद’ म्हणून जे सांगितलं गेलं ते पगार, हुद्दा आणि माहिती यांच्या मिश्रणातून बनतं. प्रमाण बदललं की कडकपणा बदलतो.

आता आपल्याकडे. विधानसभेच्या निवडणुकीत अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास प्रांत कचेरीच्या आवारात उभं राहून बघा. इच्छुकांच्या पांढऱ्या गाड्या, ढोल-ताशा थांबलेला, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: ‘फॉर्म कुणाला आला?’ फॉर्म म्हणजे एबी फॉर्म. ए मध्ये पक्ष सांगतो की अधिकृत उमेदवार ठरवून सही करायचा अधिकार कुणाला आहे. बी मध्ये तो सही करणारा उमेदवाराचं नाव सांगतो. चिन्हांबाबतच्या १९६८ च्या आदेशानुसार सही शाईची लागते, शिक्का चालत नाही. तीन वाजता खिडकी बंद. अडीचला मुंबईहून गाडी येते, पाकीट फुटतं, आणि वीस वर्षं सतरंज्या उचललेल्या माणसाला त्याच आवारात कळतं की नाव दुसऱ्याचं आहे. मतदारसंघातल्या एकाही सभासदाला कुणी काही विचारलेलं नसतं. विचारायची कायदेशीर गरजच नाही.

हे मिशेल्सने वर्णन केलेलं नैसर्गिक साचणं नव्हे. आपल्याकडे अल्पजनसत्ता राजपत्रात छापून आलेली आहे. १९५० च्या आपल्या राज्यघटनेत राजकीय पक्षाचं नावही नव्हतं. ते आलं १९८५ मध्ये, पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातून. म्हणजे पक्ष घटनेत शिरला तो आमदाराच्या हातात दावं देऊन. व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडला तर आमदारकी जाते, विषय सरकार पाडण्याचा असो की कुठल्या साध्या विधेयकाचा. दावं कुणाच्या हातात? शिवसेनेच्या फुटीवरच्या ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतोद, म्हणजे व्हिप काढणारा, विधिमंडळ पक्षाने नव्हे, मूळ राजकीय पक्षाने नेमायचा. तर्क बरोबर आहे. पण तो ‘मूळ पक्ष’ कुणी, कुठे, कसा ठरवला, याला कायद्यात उत्तर नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षनोंदणीचं कलम २९ अ १९८९ पासून आहे. त्यात पक्षाने लोकशाहीवर निष्ठा जाहीर करायची, पण स्वतःच्या घरात ती पाळली नाही तर काय, हे नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नोंदवलेल्या पक्षाची नोंदणी, मोजके अपवाद सोडता, निवडणूक आयोग रद्द करू शकत नाही. त्याआधी १९९९ मध्येच विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करा, असं सांगून ठेवलेलं. अहवाल छान बांधलेला आहे.

१७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण कुणाचा यावर निर्णय दिला, तेव्हा पक्षाची घटनाच लोकशाहीला धरून नाही असे ताशेरे मारले, आणि शेवटी आमदार-खासदारांची डोकी मोजून वाद मिटवला. निर्णय बरोबर की चूक, यात मी शिरत नाही. मला टोचतं ते एवढंच, की लाखो लोक ज्याला आपला म्हणतात तो पक्ष कुणाचा हे ठरवताना त्या लाखोंतलं एकही डोकं मोजायची सोय नव्हती.

मिशेल्सच्या जन्मभूमीत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. हिटलर होऊन गेल्यावर १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्यात कलम २१ आलं: पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे. १९६७ मध्ये पक्षांचा स्वतंत्र कायदा झाला. कार्यकारिणी निदान दर दुसऱ्या वर्षी निवडायची. उमेदवार ठरवायचा तो सभासदांच्या किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या सभेत, गुप्त मतदानाने. कागदावर सगळं गोड असतं, म्हणून हॅम्बुर्गची हकीकत सांगतो. १९९१ मध्ये तिथे राज्याची निवडणूक झाली. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने उमेदवारांची यादी ठरवताना सभासदांना नीट संधी दिली नाही, अशी पक्षाच्याच सभासदांची तक्रार होती. मे १९९३ मध्ये हॅम्बुर्गच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला: उमेदवारनिवड लोकशाहीविरोधी, सबब निवडणूक रद्द. त्या पक्षाच्या जागा रद्द असं नाही, सगळ्या राज्याची निवडणूक रद्द. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं. तो पक्ष ३५ टक्क्यांवरून २५ वर घसरला, आणि तक्रारदारांपैकी एकाने काढलेला नवा पक्ष विधानसभेत पोचला. तिकीटवाटपाच्या तक्रारीवरून राज्याची निवडणूक परत! आपल्या कुठल्याही पक्षाच्या मुख्यालयात ही गोष्ट सांगून बघा, विनोद म्हणून हसतील.

मिशेल्स मात्र तिथेही हरलेला नाही. २०१९ मध्ये त्याच्याच जुन्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने अध्यक्षपद सभासदांच्या मतावर सोडलं. पक्षयंत्रणेचा माणूस, तेव्हाचा अर्थमंत्री ओलाफ शोल्त्स, आपल्या जोडीदारासह पडला. एस्केन आणि वाल्टर-बोर्यान्स ही जोडी ५३ टक्के मतांनी निवडून आली. पुढच्याच वर्षी नेतृत्वाने चॅन्सेलरपदाचा उमेदवार म्हणून कुणाला पुढे केलं? शोल्त्सला. तो २०२१ मध्ये चॅन्सेलर झालाही. ग्रीन पक्षाने तर १९८३ मध्ये संसदेत जाताना नियमच केला होता की दोन वर्षांनी जागा सोडायची. पक्षाची नामवंत नेता पेट्रा केली हिने सोडली नाही, आणि काही वर्षांत नियमच गेला.

तेव्हा दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही दमदार आहेत. पहिला: पक्षात लोकशाही कशाला, पक्षांमध्ये स्पर्धा असली की पुरे; दुकानदार हुकूमशहा असला तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातंच. ठीक. पण इथे माल विकला गेल्यावर दुकानंच एकमेकांत मिसळतात. २०१९ ला मतदाराने ज्या पाटीखाली मत दिलं ती पाटी २०२४ पर्यंत किती वेळा फिरली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. दुसरा आक्षेप मला जास्त सतावतो: आतल्या निवडणुका म्हणजे पैशाचा खेळ. युवक काँग्रेसमध्ये माजी निवडणूक अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली निवडणुका घेऊन पाहिल्या. ज्यांच्या वडिलांकडे यंत्रणा होती तीच मुलं अनेक ठिकाणी निवडून आली. खोटं नाही. अध्यक्षपदाची निवडणूक तर बहुतेकदा सोहळाच असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसने ती घेतली, खर्ग्यांना ७,८९७ आणि थरूरांना १,०७२ मतं पडली. भाजपमध्ये तर अध्यक्ष एकमतानेच होतात. म्हणूनच अध्यक्ष निवडा, हा आग्रह मी धरत नाही. कुलूप तिथे नाहीच.

कुलूप तिकिटात आणि व्हिपमध्ये आहे. व्हिपचं औषध दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच लिहून दिलं: आमदारकी जावी ती सरकारच्या विश्वासाच्या प्रश्नावर मत फिरवलं तर, बाकी विषयांवर माणसाला तोंड असू द्या. आणि तिकिटासाठी एक पान पुरे. एबी फॉर्मला जोडायचं एक पान. त्या मतदारसंघातल्या सभासदांची किंवा त्यांच्या प्रतिनिधींची सभा कुठल्या तारखेला, कुठे झाली. किती जण हजर होते. किती नावं पुढे आली. गुप्त मतदानात कुणाला किती मतं पडली. खाली सभेच्या अध्यक्षाची सही, शाईची. हे पान नसेल तर चिन्ह नाही. हरलेल्या इच्छुकाला त्याची नक्कल मागायचा हक्क.

हजेरीत खोट्या सह्या असतील? असतील. सभा कागदावरच होईल, मसालेभातही असेल, पैसेही वाटले जातील. पण त्या सह्या खोट्या आहेत हे कोर्टात उभं राहून दाखवता येईल, हॅम्बुर्गमध्ये दाखवलं तसं. वीस वर्षं सतरंज्या उचललेल्या त्या माणसाला आज दाखवायला कागदच नाही.